घण उंबऱ्यावर

१

मिस्त्री रोज आंघोळ उरकून, इस्त्रीचा शर्ट घालून बाहेरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर बसायचे. घरातल्या घरात इस्त्रीचा शर्ट कशाला, असं सून एकदा म्हणाली होती.

"कामावर बसतोय," ते म्हणाले. विषय मिटला.

काम मुलांनी दिलेलं. थोरला आणि धाकटा मिळून घरातच कॉम्प्युटरवरचा एक खेळ बनवत होते. आतली खोली त्यांची. तिथे दोन टेबलं, दोन खुर्च्या आणि जमिनीवर वायरींचा गुंता. बाहेरच्या खोलीत, आतल्या दाराच्या बरोबर समोर, तिसरा पडदा मांडला होता. तो मिस्त्रींचा.

खेळ असा, की एका डोंगराच्या पोटात बुटक्या लोकांचं गाव आहे. कुणी खोदतो, कुणी लोखंड ठोकतो, कुणी रांधतो. खेळणाऱ्याने फक्त कामं नेमून द्यायची, पुढे ती माणसं आपल्या मनाने जगतात. डोंगर मधोमध उभा कापून दाखवलेला, त्यामुळे सगळ्या खोल्या समोरून उघड्या दिसायच्या. काम संपलं की बुटके गुत्त्यात जमत, पीत आणि एकमेकांना बदडून काढत. तिथला अख्खा दिवस इथल्या घटकाभरात संपायचा.

"भिंतीतून चालणारा, हवेत तरंगणारा, एकाच दाराशी अडकून बसलेला, असलं काही दिसलं की हाक मारा, बाबा," धाकट्याने समजावलं होतं.

"कामचुकार दिसला तर?"

"ते चालतं. ते आम्हीच ठेवलंय."

"चुकीचं ठेवलंय," मिस्त्री म्हणाले.

मारामारीबद्दल थोरल्याने सांगितलं होतं. दात पडेल, डोळा सुजेल, माणूस आडवा होईल, पण दुसऱ्या दिवशी उठून कामाला लागेल. ठोशाने मरण नाही, हा नियम त्यांनी सगळ्यात आधी लिहिला होता. तो नसता तर गाव केव्हाच ओस पडलं असतं.

मिस्त्रींना तो नियम पटला. त्यांची उभी हयात लोहारकामाच्या कारखान्यात गेली होती. तापलेल्या माणसांना भांडू द्यावं, मरू देऊ नये, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

पडद्याला आवाज नव्हता. मिस्त्रींनीच पहिल्या दिवशी तो काढायला लावला होता. खोटे घणांचे ठोके त्यांच्या कानाला सोसत नव्हते.

२

लोहारांत दोघे होते, त्यांना मिस्त्रींनी टोप्यांवरून नावं ठेवली होती, लाल आणि निळा. दोघे दिवसभर एकाच ऐरणीवर ठोकायचे, एकाच वाडग्यातून जेवायचे आणि गुत्त्यात गेले की एकमेकांच्या उरावर बसायचे.

एका सकाळी असंच झालं. निळ्याने बाक ढकलला. लाल उठला. मिस्त्री चहाचा कप तोंडाशी नेऊन बघत होते.

गुत्त्यातला प्रत्येक बुटका उठून दाराशी गेला. प्रत्येकाने कमरेचा घण काढून उंबऱ्यावर ठेवला. एका ओळीत, दांडे आतल्या बाजूला. मग एक बिनटोपीचा, बोडक्या डोक्याचा, त्या घणांपाशी जाऊन उभा राहिला. मारामारीकडे पाठ करून. आणि मग लाल आणि निळा भिडले.

मिस्त्रींनी कप खाली ठेवला.

"इकडे या रे दोघे."

मुलं बाहेर आली. बघितलं. पुन्हा मागे नेऊन बघितलं. धाकटा अक्षरशः नाचला.

"दादा, हे आपण लिहिलेलं नाही!"

"मग कुणी लिहिलं?" मिस्त्रींनी विचारलं.

"कुणीच नाही, हीच तर गंमत आहे," थोरला खुर्ची ओढून बसला. "हातात हत्यार असलं की मारामारीत उतरायचं नाही, हा एक नियम होता. खाली पडलेल्या मालावर कुणीतरी नजर ठेवायची, हा दुसरा. दोन्ही एकत्र आले आणि तिसरंच उगवलं. आम्ही बी टाकलं नाही तरी रोप आलं. लोक असला खेळ याच्यासाठीच घेतात, बाबा!"

भावांनी एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या.

मिस्त्रींच्या कारखान्यात हीच रीत होती. दोघांत पेटलं की सगळ्यांनी आपापले घण उंबऱ्यावर ठेवायचे, दांडे आत. एकाने राखण करायची. राखणदाराने पाठ फिरवून उभं राहायचं, काही झालं तरी वळायचं नाही. ज्याने पाहिलं तो साक्षीदार होतो आणि साक्षीदाराला बाजू घ्यावी लागते. भांडण संपलं की राखणदार एक घण उचलून त्याचा दांडा जमिनीवर दोनदा ठोकायचा. ठक्, ठक्. घणाचं डोकं ढिलं असलं तर आवाज फुटका येतो, घट्ट असलं तर भरीव. तो आवाज आला की मिटलं. मग जो तो आपला घण उचलून कामाला.

राखणीला बहुतेक वेळा मिस्त्रीच असायचे. ते कधीही वळले नव्हते. त्याचा त्यांना अभिमान होता.

पडद्यावरच्या बोडक्याने घण उचलला आणि दांडा जमिनीवर दोनदा आपटला.

आपणच कधीतरी पोरांना सांगितलं असेल, मिस्त्रींनी स्वतःला समजावलं. लहानपणी. त्यांच्या डोक्यात कुठेतरी राहिलं असेल, हातून उतरलं असेल. पण कारखान्यातल्या गोष्टी घरी आणणारा माणूस ते नव्हते. सांगितल्याचं काही केल्या आठवेना.

३

आता मिस्त्री फक्त गुत्त्याकडे बघू लागले. गावात कोण कुठे अडकलंय, याकडे त्यांचं लक्ष राहिलं नाही.

दोन गोष्टी त्यांना खुपल्या.

पहिली घणांची. गुत्त्यातली डोकी आणि उंबऱ्यावरचे घण यांचा मेळ लागत नव्हता. दर वेळी एक घण जास्त. कुणी ठेवताना दिसायचा नाही, कुणी नेताना दिसायचा नाही. आणि तो इतरांसारखा नव्हता. दांडा लांब, डोकं मोठं. बुटक्याला उचलवणार नाही असा. पुऱ्या उंचीच्या माणसाच्या हातातला.

दुसरी गोष्ट बोडक्याची. बाकी सगळे बुटके एका अंगाने दिसत, डावीकडे तोंड नाही तर उजवीकडे. बोडका उंबऱ्यावर उभा राहिला की त्याचं तोंड सरळ समोर येई. मिस्त्रींकडे. दोन ठिपक्यांचे डोळे आणि रेघेचं तोंड. लाल आणि निळा मागे लोळत असायचे आणि हा काचेतून बाहेर बघत असायचा.

मिस्त्री एकदा खुर्चीतून उठून बाजूला सरकले, खिडकीपाशी. डोळे त्यांच्या मागे आले नाहीत. त्यांना स्वतःचंच हसू आलं. चित्र ते. चित्र कुठे बघणार?

मग त्यांच्या लक्षात आलं. तो त्यांच्याकडे बघतच नव्हता. ते जिथे बसत, त्याच्या मागे बघत होता. आतल्या खोलीच्या दाराकडे.

जेवताना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "त्या बोडक्याचं तोंड समोर का काढलं?"

"कुणाचं तोंड?" धाकटा म्हणाला.

"राखणदाराचं."

"समोरचं तोंड कुणालाच नाही, बाबा. दोन बाजू आणि पाठ, एवढंच काढलंय. तेवढ्यानेच माझी मान मोडली."

"बाबांना डोळे तपासायला ने रे," थोरला घास घेत म्हणाला.

"माझे डोळे ठीक आहेत," मिस्त्री म्हणाले. "तुमचा गुत्ता तपासा."

मुलांनी तपासला. सगळा घोळका एका अंगाने, नेहमीसारखा. बोडका भिंतीशी बसून पीत होता. उंबरा रिकामा.

४

सून इस्पितळात नर्स होती. सकाळच्या पाळीला जाण्याआधी ती सगळ्यांना नाश्ता वाढायची आणि वाढता वाढता प्रत्येकाचा चेहरा वाचायची. तिची सवयच ती.

"हे काय?" तिने थोरल्याची हनुवटी धरून वर केली. डावा डोळा सुजून निळा पडला होता.

"कपाटाचं दार लागलं."

"आणि भाऊजी, तुमचा ओठ? त्याच कपाटाने फोडला का?"

धाकट्याने ओठावर रुमाल दाबला. "अडखळलो, वहिनी."

"रोज असली कपाटं येतात माझ्याकडे. दारू पिऊन आलेली," ती म्हणाली. "ही मूठ आहे. दोघं लहान आहात का? काय चाललंय?"

"काही नाही," दोघे एकदमच म्हणाले. एकमेकांकडे न बघता.

मिस्त्रींच्या हातातला घास तसाच राहिला. आदल्या दिवशी गुत्त्यात लालचा डावा डोळा मिटला होता. निळ्याचा ओठ फाटला होता. ते त्यांनी या डोळ्यांनी पाहिलं होतं.

ते सरळ विचार करणारे गृहस्थ. त्यांनी सरळ विचार केला. पोरांचं कामावरून वाजलंय, हे घरात कुणापासून लपलेलं नव्हतं. रात्री हातघाईवर आले असतील आणि आता लाजत असतील. डोळा आणि ओठ, ठोसे बसायच्या जागा त्याच. त्यात नवल काय? दोन माणसं भांडली की हेच होतं, डोंगरात असो की घरात.

सगळं बरोबर जुळत होतं. फक्त त्यांची झोप सावध होती, भिंत पातळ होती आणि त्यांनी काहीही ऐकलं नव्हतं.

नाश्त्यानंतर त्यांनी धाकट्याला गाठलं. "खरं सांग. हात कुणी आधी उचलला?"

धाकटा हळूच म्हणाला, "बाबा, शपथेवर सांगतो, आठवत नाही. उठलो तेव्हा ओठ असाच होता. दादाही तेच म्हणतो. मला वाटतं तो खोटं बोलतोय. त्याला वाटतं मी."

५

वाद नियमाचा होता. एक मोठी कंपनी खेळ घ्यायला तयार होती. तिची अट एकच. मारामारीत माणसं मेली पाहिजेत.

"लोकांना परिणाम बघायचा असतो," थोरला म्हणत होता. आतल्या खोलीचं दार उघडं होतं आणि मिस्त्री त्याच्या चौकटीत उभे होते. "सगळे उठून परत कामाला लागतात, मग भीती कशाची? कंपनीचं म्हणणं चूक नाही."

"मी असताना तो नियम निघणार नाही," धाकटा म्हणाला.

"एक ओळ आहे ती. एक ओळ!"

"मग राहू दे ना एक ओळ."

"नियम काढू नका," मिस्त्री म्हणाले.

दोघांनी वळून पाहिलं. बाबा कामात कधी बोलत नसत.

"का, बाबा?" थोरल्याने विचारलं. आवाजात उर्मटपणा नव्हता, थकवा होता.

मिस्त्रींना सांगायचं होतं. जास्तीचा घण. समोर बघणारा बोडका. डोळा आणि ओठ. पण हे शब्द तोंडातून निघाले की आपलं काय होईल, हे त्यांना दिसत होतं. पोरं एकमेकांकडे बघतील. सून मायेने डॉक्टरचं नाव काढेल. उद्यापासून इस्त्रीचा शर्ट घालून बसायला जागा राहणार नाही.

"मी सांगतो म्हणून," ते म्हणाले.

"असं चालत नाही, बाबा. हा कारखाना नाही. खेळ आहे."

मिस्त्री बाहेर जाऊन बसले. मागे दाराशी त्यांचा स्वतःचा घण होता. निवृत्त झाले तेव्हा सोबत आणलेला. आतलं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून मुलं तो दाराला टेकवून ठेवत. इतकी वर्षं हाताळलेला लाकडी दांडा काळा, गुळगुळीत झाला होता.

दुपारी सून पाळीवरून यायची होती. ऊन खोलीत अर्ध्यापर्यंत आलं होतं. आतून फक्त बटणांचा आवाज येत होता. मग तोही थांबला.

"काढलास?" धाकट्याचा आवाज आला.

"काढला."

"मला न विचारता?"

"विचारून काय उपयोग होता?"

खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. मिस्त्रींनी पडद्याकडे पाहिलं. गुत्त्यात निळ्याने बाक ढकलला होता.

६

ते झपाट्याने उठले. दारात पोचले तेव्हा पोरांनी एकमेकांच्या गचांड्या धरल्या होत्या. लहानपणी धरायची तशाच. दोघांचे चेहरे तापलेले, दोघांचे डोळे कोरडे.

मध्ये पडावं का? बाप म्हणून तो हक्क होता. पण मिस्त्रींच्या हाताला दुसरंच वळण होतं. त्यांनी आत जाऊन टेबलावरची कात्री उचलली. पेचकस उचलला. लोखंडी दिवा उपटून घेतला. सगळं आणून उंबऱ्यावर ओळीने ठेवलं. शेवटी दाराला टेकवलेला आपला घण हातात घेतला.

"हातांनी मिटवा," ते म्हणाले. "हत्यार माझ्याकडे आहे. मी बघत नाही."

आणि ते पाठ फिरवून उंबऱ्यावर उभे राहिले.

मागे पहिला ठोसा बसला. ओल्या मातीवर काहीतरी पडावं तसा आवाज. मग टेबल सरकलं. मग धाकट्याचा श्वास. मिस्त्री हलले नाहीत. आपल्या पाठीमागे कुणी कधी मेलं नव्हतं. म्हणूनच तर ते पाठ फिरवू शकत. हत्यार आपल्या ताब्यात आहे, मग भय कशाचं?

समोर त्यांचा पडदा होता. बोडकाही उंबऱ्यावर उभा होता, तोंड समोर करून. त्याच्यामागे लाल आणि निळा लोळत होते.

मिस्त्रींनी सवयीने घण बघितले. ओळ नीट होती. दांडे आत. पण तो मोठा, लांब दांड्याचा, तिथे नव्हता.

मागे काहीतरी धपकन पडलं. घरात. त्याच वेळी गुत्त्यात लाल कोसळला. मग घरात दुसऱ्यांदा धपकन आवाज झाला आणि गुत्त्यात निळा कोसळला.

दोन्हीकडे शांत झालं.

संपलं. आता उठतील. थोरला शिवी देईल, धाकटा हसेल. मिस्त्री वाट बघत राहिले. ऊन जमिनीवरून पायांपाशी आलं होतं. मागून श्वासाचा आवाज येत नव्हता.

"पोरांनो?"

गुत्त्यातले बाकीचे बुटके भिंतीला चिकटून उभे होते. टोप्या खाली, सगळी तोंडं भिंतीकडे. लाल आणि निळ्याच्या वर, गुत्त्याच्या ठेंगण्या छताखाली, कुणीतरी वाकून उभं होतं. पुऱ्या उंचीचं. छतात मावत नसल्याने मान मोडल्यासारखी वाकवलेली, तोंड अंधारात. हातात लांब दांडा. ते लालपासून सरकलं आणि हळूहळू बोडक्याच्या पाठीकडे यायला लागलं.

बोडक्याला ते दिसत नव्हतं. तो नियम पाळत होता.

"वळ!" मिस्त्री पडद्याकडे बघून ओरडले. आयुष्यात कुणाही राखणदाराला जे सांगितलं नव्हतं, ते त्यांनी सांगितलं. "वळ रे, मागे बघ!"

बोडक्याच्या तोंडाची रेघ उघडली होती. केव्हाची उघडी होती, त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. तिथून आवाज येत नव्हता, आवाज तर त्यांनीच काढायला लावला होता. पण ठिपक्यांचे डोळे ताणले होते आणि आखूड हात पुढे येऊन मिस्त्रींच्या खांद्यावरून मागे दाखवत होता. तोंड उघडत होतं, मिटत होतं. मिस्त्री ओरडले होते तेच शब्द. पुन्हा पुन्हा तेच.

मिस्त्रींच्या बोटांनी घणाचा दांडा आवळला. आपला घण आपल्याच हातात आहे, हे त्यांनी नीट चाचपून बघितलं. उंबऱ्यावर कात्री होती, पेचकस होता, दिवा होता. खोलीत ठोकण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं.

त्यांच्या पाठीमागे, अगदी जवळ, कुणीतरी दांडा जमिनीवर दोनदा आपटला.

आवाज भरीव होता. डोकं घट्ट बसलेलं होतं.